दर शनिवारी एक पान : साहित्याच्या तासाचा चार आठवड्यांचा पाठ

आपल्या वसतिशाळेत आठवी ते दहावीच्या मुलामुलींना दर शनिवारी मराठीच्या तासाला स्वतः लिहिलेले एक पान द्यावे लागते, हे बहुतेक पालकांना ठाऊक आहे. माजी विद्यार्थी भेटायला आले की त्या वहीची आठवण निघतेच. पालक मात्र एक रास्त प्रश्न विचारतात. पाठ्यपुस्तक आहे, त्याखाली स्वाध्याय आहेत, दहावीची परीक्षा डोक्यावर आहे. मग हे वेगळे वाचन आणि हे वेगळे लेखन कशासाठी? या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही मांडत आहोत. नुसती तत्त्वे सांगण्यापेक्षा चार आठवड्यांचा पाठच येथे देतो, म्हणजे वाचकांना तो घरी, विहारात किंवा आपल्या शाळेतही करून पाहता येईल.

पानाचे प्रयोजन

आमच्याकडे येणारी मुले जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरची आहेत. कोणाचे आईवडील नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलतात, कोणाचे घर पश्चिमेकडच्या डोंगरात हिरडा वेचून वर्षाचा मीठमिरचीचा खर्च भागवते, कोणी ऊसतोडीच्या फडावरून आलेले आहे. पुष्कळ घरांत दहावीपर्यंत पोचलेले हेच पहिले मूल असते. अशा घरांत लिहिलेले कागद नसतात असे नाही. रेशनकार्ड असते, सातबाराचा उतारा असतो, जातीचा दाखला असतो, एखादी न्यायालयाची नोटीसही असते. पण हे सारे कागद दुसऱ्याने आपल्याविषयी लिहिलेले असतात. आपण स्वतः आपल्याविषयी आणि आपल्या गावाविषयी लिहिलेला कागद त्या घरात सहसा नसतो.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव 'मूकनायक' ठेवले, ते याच उणिवेकडे बोट दाखवणारे होते. ज्यांच्याविषयी सगळे बोलतात पण ज्यांना स्वतः बोलू दिले जात नाही, त्यांच्यासाठी ते पत्र होते. शनिवारचे पान हे त्याच कामाचे शालेय रूप आहे. मुलाने साक्षीदार व्हावे, पाहिलेले नीट सांगावे, सांगितलेल्याची जबाबदारी घ्यावी, एवढीच आमची अपेक्षा आहे. त्यासाठी प्रत्येक पानावर चार गोष्टी असाव्यात असा नियम आहे : लिहिणाऱ्याचे नाव, गाव, तारीख, आणि स्वतः पाहिलेली किंवा खात्री करून घेतलेली किमान एक गोष्ट. नियम किरकोळ वाटतो; पण गाइडमधून उतरवलेला निबंध याच नियमापाशी अडखळतो, कारण त्याला गावही नसते आणि तारीखही नसते.

पहिला आठवडा : ओतूरहून लिहिलेले पत्र

पहिल्या आठवड्याचे वाचन म्हणजे सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र. त्यावर ठिकाण आहे ओतूर, जुन्नर, आणि तारीख आहे २० एप्रिल १८७७. ज्या ओतूरवरून आमच्या मुलांची एस. टी. रोज जाते, तेच हे ओतूर. पत्राच्या माथ्यावरचे ते नाव वाचले की वर्गात एकदम शांतता पसरते, असा आमचा नेहमीचा अनुभव आहे. साहित्य कुठेतरी दूर, मोठ्या शहरात घडते, ही समजूत त्या एका ओळीने ढळते.

पार्श्वभूमी अशी, की १८७६ पासून दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. सावित्रीबाई त्या वेळी जुन्नर भागात सत्यशोधक कार्यकर्त्यांबरोबर फिरत होत्या. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ची. म्हणजे समाज पुरता चार वर्षांचाही झाला नव्हता. पत्रात सावित्रीबाई सांगतात, की वर्ष सरले पण दुष्काळ हटला नाही. नद्यानाले आटले आहेत, जमिनीला भेगा पडल्या आहेत, जनावरे चाऱ्यावाचून मरत आहेत, माणसे गाव सोडून चालली आहेत, आणि काहींवर पोटची मुले विकण्याची वेळ आली आहे. सावकार या संकटाचा फायदा उठवत आहेत. दंगे होऊ लागल्यावर पन्नास सत्यशोधकांना धरण्यात आले. तेव्हा सावित्रीबाई कलेक्टरशी बोलल्या, निरपराध कार्यकर्त्यांना का पकडले असा जाब त्यांनी विचारला, आणि ती माणसे सुटली. पुढे कलेक्टरने चार गाड्या ज्वारी पाठवली, हेही त्या नोंदवतात.

सोमवारी हे पत्र आम्ही मोठ्याने वाचतो; एक मूल एक परिच्छेद. मंगळवारी अडलेले शब्द फळ्यावर येतात. बुधवारी तीन प्रश्न दिले जातात. पहिला : सावित्रीबाईंनी काय पाहिले आणि काय केले, यांची दोन वेगळी यादी करा. दुसरा : पत्रात संख्या कोठे कोठे येतात आणि त्या काढून टाकल्या तर पत्राचे काय होईल? तिसरा : या पत्रात कोणाचे म्हणणे आपल्याला ऐकू येत नाही?

दुसऱ्या प्रश्नावर मुले हमखास थबकतात. पन्नास माणसे आणि चार गाड्या, या दोन संख्या काढल्या तर पत्र दुःखाचे राहते, पण पुराव्याचे राहत नाही, हे त्यांचे त्यांनाच उमगते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दरवर्षी वेगळे येते. कोणी म्हणते विकल्या गेलेल्या मुलींचे, कोणी म्हणते गाव सोडून गेलेल्यांचे. या प्रश्नाचे नमुना उत्तर आम्ही कधीही फळ्यावर लिहीत नाही.

गुरुवारी कच्चे लेखन, शुक्रवारी शेजाऱ्याने वाचून एक शंका विचारायची, शनिवारी पक्के पान. या आठवड्याचे पान म्हणजे घरी लिहिलेले पत्र. त्यात वसतिगृहात किंवा गावात पाहिलेली एक अडचण, तिच्याविषयी केलेली एक कृती आणि किमान एक संख्या असली पाहिजे. 'मी येथे खुशाल आहे' या वाक्याने पान भरता येत नाही.

दुसरा आठवडा : दगडावरची चार ओळींची साक्ष

दुसऱ्या आठवड्याचे वाचन पुस्तकात नाही, डोंगरात आहे. शिवनेरी, तुळजा, मानमोडी आणि लेण्याद्री येथील बौद्ध लेणी आमच्या मुलांनी लहानपणापासून पाहिलेली असतात. त्यांना पांडवलेणी म्हणण्याची रीत अजूनही गावोगाव आढळते. त्या लेण्यांतील ब्राह्मी लिपीतले प्राकृत लेख मात्र कोणी वाचून दाखवलेले नसतात. हे लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत आणि बहुतेक अगदी आखूड आहेत. दान देणाऱ्याचे नाव, तो कोणाचा कोण, कोठला, आणि त्याने संघाला काय दिले, एवढेच त्यांत असते. दानासाठी त्यांत येणारा शब्द आहे 'देयधम'.

लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान आहे. कल्याणचा माणूस येथे कसा, असा प्रश्न मुले विचारतात, आणि मग नाणेघाटाचा व्यापारी मार्ग आपोआप पाठात येतो. शिवनेरीच्या लेण्यांत चित नावाच्या यवनाने, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी माणसाने, संघासाठी भोजनमंडप दिला. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली. आदुथुम नावाच्या शक उपासकाने वडालिका गावची वीस निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि कटपुतक गावची नऊ निवर्तने वडाच्या झाडांसाठी नेमून दिली. मानमोडीच्या डोंगरावर महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे. त्यात वर्ष ४६ नोंदलेले आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींचेही उल्लेख या परिसरातील लेखांत सापडतात.

येथे वाचनाचा धडा कोणता? आमचे म्हणणे असे, की हे लेख साहित्याच्या विद्यार्थ्याला काटकसर शिकवतात. अयम अमात्य होता, त्याचा राजा महाक्षत्रप होता. पण त्याच्या लेखाशेजारी धान्य विकणाऱ्यांचा लेखही तितक्याच ठसठशीतपणे उभा आहे. राजाच्या माणसाला आणि बांबू विणणाऱ्याला एकाच लिपीत, एकाच भाषेत, जवळजवळ एकाच साच्याच्या वाक्यात जागा मिळाली. ज्या समाजाला पुढे शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाच्या मुलांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, याचे महत्त्व आम्ही वेगळे सांगायला नको.

या आठवड्याचे लेखन पंचवीस शब्दांचे असते. आपल्या शाळेला किंवा गावाला कोणी काय दिले, ते नाव, गाव आणि दान या क्रमाने शिलालेखाच्या पद्धतीने लिहायचे. विशेषणे वापरायची नाहीत. मुले चौकशी करू लागतात, आणि मग वसतिगृहाची विहीर खणताना श्रमदान केलेल्या आजोबांचे नाव सापडते, दर आठवड्याला भाकरीच्या पिठाचा डबा पाठवणाऱ्या वस्तीचे नाव सापडते, भिंतीला पहिला रंग देणाऱ्या माजी विद्यार्थ्याचे नाव सापडते. देणगीदारांच्या संगमरवरी फलकावर यांतले एकही नाव नसते. मुलांच्या वहीत मात्र ती नावे आता आहेत.

तिसरा आठवडा : मुक्ता साळवे यांचा निबंध

पत्र झाले, लेख झाला. तिसऱ्या आठवड्यात युक्तिवाद. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. लिहिणारी आमच्या आठवी-नववीच्या मुलींच्याच वयाची होती. म्हणजे शाळेतल्या एका विद्यार्थिनीचे लेखन पावणेदोनशे वर्षांनंतरही विद्यापीठांत अभ्यासले जाते. शालेय निबंध ही क्षुल्लक गोष्ट असते, असे म्हणणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

निबंध वाचताना आम्ही मुलांना तीन रंगांच्या पेन्सिली देतो. जेथे मुक्ता घडलेली गोष्ट सांगते तेथे एक रंग, जेथे ती प्रश्न विचारते तेथे दुसरा, जेथे ती काही मागते किंवा सुचवते तेथे तिसरा. पानभर रंग उमटल्यावर निबंधाची घडण डोळ्यांना दिसू लागते. पेशवाईत इमारतींच्या पायांत मांग-महारांना पुरले जाई, ही घटना ती सांगते. बाळंत होणाऱ्या बायांच्या डोक्यावर छप्परही नसे, हे सांगते. मग ती धर्माविषयी विचारते : वेद वाचण्याचा अधिकार फक्त ब्राह्मणांचा असेल, तर ज्यांना ते पाहण्याचीही मनाई आहे त्यांचा धर्म कोणता? आणि अखेरीस ती आपल्याच लोकांना शिकण्याचे आवाहन करते. पुरावा, प्रश्न, मागणी, हा क्रम तिला कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकाने शिकवलेला नव्हता.

भगवान बुद्धांनी केसमुत्त गावच्या कालामांना केलेला उपदेश आम्ही याच आठवड्यात सांगतो. केवळ ऐकिवात आहे म्हणून, परंपरेने आले आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही मान्य करू नका. स्वतः पारखून घ्या, असा त्याचा आशय आहे. हा उपदेश वंदनेपुरता ठेवायचा नसेल तर तो वाचनात उतरला पाहिजे. म्हणून मुलांनी मुक्ताशीही सहमत व्हावे अशी सक्ती नसते. जेथे पटत नाही तेथे कारण लिहावे, एवढीच अट असते.

या आठवड्याचे पान म्हणजे वस्तीतील एका प्रश्नावर निबंध : तीन वाक्यांत पुरावा, दोन वाक्यांत प्रश्न, एका वाक्यात मागणी, आणि मग हवे तेवढे विवेचन. मागणी कोणाकडे आहे, हे स्पष्ट लिहायचे. ग्रामपंचायतीकडची मागणी सरकारकडे लिहिली तर पान परत मिळते.

चौथा आठवडा : आपल्या घराची साक्ष

शेवटच्या आठवड्यात बाहेरचे वाचन नसते. महिन्याच्या सुट्टीत घरी गेलेल्या मुलाने घरातल्या किंवा वस्तीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाशी बोलून यायचे आणि त्यांचे म्हणणे लिहायचे. हे सर्वांत अवघड पान असते आणि सर्वांत मोलाचेही.

आंबेगाव तालुक्याचेच उदाहरण घेऊ. घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते मूळ आंबेगाव पाण्याखाली गेले. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर हे नाव आहे. बाबू गेनू हे याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे, मुंबईतले गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्यांनी प्राण दिला. मुलांना फलकावरचे हे नाव माहीत असते. पण पाण्याखाली गेलेल्या घराचा उंबरठा कोणत्या दिशेला होता, शेताच्या बांधावर कोणती झाडे होती, देव कोठे हलवले, जमिनीच्या बदल्यात काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे आजीला माहीत असते. आजी गेली की ते कोठेच राहणार नाही. धरणाची उंची आणि पाणीसाठा सरकारी दप्तरात सुरक्षित आहे. आजीचा उंबरठा नातीच्या वहीतच सुरक्षित राहू शकतो.

या पानासाठी भाषेची एक सवलत आहे. घरी बोलला जाणारा शब्द तसाच लिहावा आणि समासात त्याचा अर्थ द्यावा. महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी घरांतील मुलांच्या वह्यांतून रानभाज्यांची, पावसाच्या प्रकारांची, हिरडा वाळवण्याच्या रीतींची कितीतरी नावे आम्हालाच नव्याने कळली. प्रमाण मराठी आम्ही कसोशीने शिकवतो, कारण अर्ज, मुलाखत आणि परीक्षा तिच्यातच होतात. पण प्रमाण भाषा शिकण्यासाठी घरची भाषा टाकून द्यावी लागते, असे आम्ही मानत नाही. कपाटात नवा कप्पा केला म्हणून जुना रिकामा करावा लागत नाही.

आणखी एक मर्यादा मात्र आम्ही कटाक्षाने पाळतो. कोणत्याही मुलाला स्वतःचे दुःख लिहिण्याची सक्ती करायची नाही. आपल्या समाजाच्या आत्मकथनांनी मराठी साहित्याला हादरवले, हे खरे. १९७८ साली आलेले, शेजारच्या अकोले तालुक्यातील धामणगावच्या दया पवार यांचे 'बलुतं' आम्ही दहावीच्या मुलांना अभिमानाने सांगतो. पण ते लेखन प्रौढ माणसाने स्वतः ठरवून केलेले आहे. बाप दारू पितो की नाही, घरी उपास घडतो की नाही, हे चौदा वर्षांच्या मुलाने गुणांसाठी उघड करावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. मुलाने आजीच्या शेतावर लिहिले, शाळेच्या वाटेवरच्या ओढ्यावर लिहिले, गोठ्यातल्या वासरावर लिहिले, तरी ती साक्षच आहे. ज्या पानाच्या कोपऱ्यात मूल फुली करते ते पान वर्गात वाचले जात नाही. आम्ही वाचतो आणि मिटून परत देतो.

तपासणी, परीक्षा आणि घर

तपासणीविषयी थोडे. पहिल्या वाचनात आम्ही लाल शाई हातात घेत नाही. मजकुराखाली एक प्रश्न लिहितो : हे कोणी सांगितले, किती होते, मग पुढे काय झाले. मुलाने उत्तर जोडून पान पुन्हा लिहिले की दुसऱ्या वाचनात ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हे आणि वाक्यरचना पाहतो. सांगायचे काय ते ठरण्याआधी वेलांटीवर बोट ठेवले, तर मूल वेलांटी सुधारते आणि सांगणे सोडून देते.

परीक्षेची काळजी करणाऱ्या पालकांना आम्ही एवढेच सांगू, की दहावीच्या कृतिपत्रिकेत स्वमत आणि अभिव्यक्तीचे प्रश्न असतात, उपयोजित लेखनात पत्र, बातमी, कथा यांसारखे प्रकार असतात. हे प्रश्न पाठांतराने सुटत नाहीत. आठवीपासून दर आठवड्याला एक याप्रमाणे पाने लिहिलेले मूल कोऱ्या कागदाला घाबरत नाही. तरीही गुण हा या पानाचा हेतू नव्हे. अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागणारा, ग्रामसभेच्या इतिवृत्तात आपले म्हणणे नोंदवून घेणारा, आणि वर्तमानपत्रात आपल्या वस्तीविषयी चुकीचे छापून आले तर तारीखवार खुलासा पाठवणारा नागरिक घडावा, हा हेतू आहे.

आता पालकांकडे आणि माजी विद्यार्थ्यांकडे आमचे मागणे. मूल सुट्टीत घरी आले आणि वही घेऊन प्रश्न विचारू लागले, तर त्याला वेळ द्या. आपल्याला वाचता येत नसेल तरी सांगता येते. मूल लिहून घेईल आणि लिहिलेले वाचून दाखवील. चुकले असेल तर दुरुस्त करायला लावा, कारण त्या पानाचे पहिले परीक्षक आपणच आहात. माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एखादे पुस्तक शाळेच्या कपाटासाठी द्यावे. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमरावाला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले होते. एका पुस्तकाने काय होते, हे आपल्याला निराळे सांगायला नको. पुस्तक देताना आतल्या पानावर आपले नाव, गाव आणि तारीख जरूर लिहा, म्हणजे आपल्या मुलांच्या दुसऱ्या आठवड्याच्या पाठात एका देयधमाची भर पडेल.

वर्षाअखेरीस भरलेल्या वह्या आम्ही रद्दीत घालत नाही. त्या वर्गवार बांधून ग्रंथालयाच्या खालच्या फळीवर ठेवल्या आहेत. स्मरणिकेच्या समारंभाला येणाऱ्या प्रत्येकाने, वेळ काढून, त्यांतली आपल्या गावची पाने वाचावीत अशी आमची विनंती आहे.

जय भीम.